नाटकाचा शेवट डिस्कच्या कडेला होता

आमच्या घरात डीव्हीडीला कुणी कधी डीव्हीडी म्हटलं नाही. लग्नाची सीडी, मुंजीची सीडी, बाबांच्या नाटकाची सीडी. खाली चांदीसारखी चकाकणारी असो की जांभळट, सगळ्यांना एकच नाव आणि सगळ्यांची जागाही एकच, टीव्हीच्या शोकेसचा खालचा कप्पा. चकाकणारी आणि जांभळट या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, हे मला समजायला हवं होतं त्याच्या पाच वर्षं उशिरा समजलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आमचं घर गावभागात, त्यामुळे खालचा मजला गेला. पाणी ओसरल्यावर गाळातून जे हाती लागलं त्यात या डिस्कही होत्या. प्लॅस्टिकच्या डब्यांत चिखल भरलेला, कागदाची कव्हरं लगदा झालेली. मी त्या एकेक करून साध्या पाण्याखाली धुतल्या, जुन्या सुती साडीवर वाळत घातल्या आणि स्टीलच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवल्या. धुतल्यावर सगळ्या स्वच्छ दिसत होत्या. वाटलं, वाचल्या. २०२१ साली बाबा गेले. तरी तो अख्खा डबा काढायला २०२४ ची दिवाळी उजाडली.

बाबा बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकं. त्यांच्या चार नाटकांची चित्रीकरणं होती. त्यांतलं मला सर्वांत जवळचं म्हणजे २००८ साली भावे नाट्यमंदिरात झालेला दोन अंकी नाटकाचा प्रयोग. शेवटच्या प्रवेशात बाबा रंगमंचावर एकटेच असतात. शूटिंग लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी केलं होतं. त्यांनी तेव्हा डिस्क करून दिल्या आणि मूळ टेप पुढच्या लग्नाला वापरली. त्या काळी सगळेच तसं करत. म्हणजे आता जे काही होतं ते त्या डिस्कवरच.

डबा उघडून मोजल्या तर ६१ निघाल्या. आधी वेगळ्या काढायला बसले. ओळखायची सोपी रीत म्हणजे उलटी करून उजेडात धरायची. कारखान्यात छापलेली डिस्क खालून निखळ चंदेरी दिसते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. राईट केलेल्या, म्हणजे कोरी आणून त्यावर लिहिलेल्या डीव्हीडीला जांभळी झाक असते, आणि ती अर्धवट भरलेली असेल तर भरलेला भाग कुठे संपतो तिथे रंगात एक बारीक वर्तुळ दिसतं. पाटावर हळदीकुंकवाचे करंडे मांडावेत तसे ढीग लावले: १९ व्हीसीडी, त्यांत बहुतेक नाटकं, १४ छापलेल्या डीव्हीडी, २६ राईट केलेल्या, आणि भाच्याच्या बारशाच्या दोन छोट्या, आठ सेंटिमीटरच्या, कॅमेऱ्यात घालायच्या.

आणि इथेच चुकले. सुरुवात छापलेल्या डिस्कपासून केली. त्या सुंदर दिसत होत्या, वर रंगीत चित्रं होती, चटकन होतील असं वाटलं. खरं तर त्या अजून दहा वर्षं थांबल्या असत्या.

का ते सांगते. छापलेल्या डिस्कचा आधी काचेवर मूळ नमुना करतात, त्यावरून निकेलचा साचा, आणि त्या साच्यावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबतात. प्लॅस्टिकमध्ये खरेखुरे खड्डे उठतात, नाण्यावर ठसा उठावा तसे. सर्वांत लहान खड्डा ०.४ मायक्रॉन लांबीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि गोल गोल जाणाऱ्या खड्ड्यांच्या ओळीच्या दोन वळशांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. वरून ॲल्युमिनियमचा थर. असे ०.६ मिलिमीटरचे दोन पत्रे चिकटवून डीव्हीडी होते. या खड्ड्यांना ऊन लागलं, दमट हवा लागली तरी ते बुजत नाहीत. बिघडलंच तर ॲल्युमिनियम काळवंडतं, आणि तेही क्वचित.

राईट केलेल्या डिस्कमध्ये खड्डाच नसतो. तिच्यात एका सेंद्रिय रंगाचा पातळ लेप असतो. राईट करताना लेझर त्या लेपाला जागोजागी भाजतो, आणि भाजलेली जागा कमी उजेड परत पाठवते. वाचणाऱ्या ड्राइव्हला ते खड्ड्यासारखंच भासतं. आपलं अख्खं लग्न, अख्खं नाटक हे रंगावरच्या डागांवर उभं असतं. आणि रंग म्हटला की तो विटणार. उन्हाने विटतो, उकाड्याने विटतो, ओलीने तर नक्कीच.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून पहिले तीन शनिवार-रविवार छापलेल्यांवर गेले. ते अगदी वाया गेले असं मात्र म्हणणार नाही, कारण वेगाचं गणित तिथेच समजलं.

माझ्याकडे यूएसबीला जोडायचा एक सपाट ड्राइव्ह होता, त्यावर ८ एक्स लिहिलेलं. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८५ एमबी, म्हणून ८ एक्स म्हणजे सुमारे ११ एमबी. पहिल्यांदा संगणकाच्या मासिकाबरोबर फुकट आलेली एक छापील डिस्क घातली. आकडा साडेचार एमबीवर सुरू झाला आणि चढत चढत शेवटी अकराला टेकला. मला वाटलं ड्राइव्ह गरम होऊन जोर धरतोय. तसं नव्हतं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, मधल्या भोकाच्या बाजूने कडेकडे. फिरण्याचा वेग तोच ठेवला की कडेच्या एका फेऱ्यात आतल्या फेऱ्यापेक्षा जवळजवळ अडीच पट माहिती डोळ्याखालून जाते. रहाटपाळण्याच्या आसाजवळ बसलेला आणि टोकाला बसलेला, दोघांची फेरी एकाच वेळी पूर्ण होते, पण टोकाचा जास्त अंतर कापतो. खोक्यावर छापलेला ८ एक्स हा फक्त कडेचा वेग. आत तो साडेतीन एक्सही नसतो.

दोन थरांची छापील डिस्क घातली तेव्हा आलेख डोंगरासारखा झाला. आधी चढ, मग उतार. पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत, अशी चित्रपटांच्या डिस्कची मांडणी असते. सिनेमा बघताना मध्येच अर्धा क्षण चित्र थबकतं ना, तोच हा थर बदलण्याचा क्षण. मी इतकी वर्षं त्याला डिस्क खराब असल्याची खूण समजत होते.

तिसरी डिस्क सिनेमाची, मोझर बेअरची. २००७ साली या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा बाबा दर शनिवारी एक घेऊन येत, एवढ्या पैशात तर भेळही येत नाही असं म्हणत. तिची प्रत घेताना वेग साडेपाच एमबीच्या वर जाईचना. डिस्क स्वच्छ, एक ओरखडा नाही. मासिकाबरोबरची डिस्क अकराला जाते आणि ही निम्म्यावर अडते, हे कोडं दोन दिवस डोक्यात होतं. उत्तर साधं निघालं. काही ड्राइव्ह सिनेमाची डिस्क ओळखतात आणि वेग आपणच आवळून धरतात. सिनेमा बघायला १ एक्स पुरतो, मग उगाच घरघर कशाला, असा त्यामागचा विचार. माझा ड्राइव्ह त्यातलाच. त्याच ड्राइव्हला घरी राईट केलेली व्हिडिओ डिस्क दिली की तो असा आवळत नसे.

चौदांपैकी काही डिस्कच्या फायली कॉपी झाल्या, पण लावल्यावर नुसते हिरवे-गुलाबी चौकोन. त्यांना कुलूप होतं. सिनेमांच्या डिस्कवरचा मजकूर १९९६ पासून एका सांकेतिक पद्धतीने विस्कटून ठेवतात आणि त्याची किल्ली डिस्कच्या अगदी आतल्या पट्ट्यात असते. फायलींबरोबर ती किल्ली येत नाही. कोऱ्या डिस्कवर तर तो पट्टा आपल्याला लिहिताच येत नाही, म्हणून हुबेहूब नक्कल केली तरी ती लागत नाही. हे कुलूप कसं उघडतात ते जगजाहीर आहे, पण मी त्या वाटेला गेले नाही. त्या सिनेमांच्या प्रती दुसरीकडे आहेत, आणि डिस्क स्वतः ठणठणीत आहेत. त्या पुन्हा कपाटात गेल्या.

व्हीसीडीची वेगळीच तऱ्हा. तिच्यात व्हिडिओसाठी जास्त जागा मिळावी म्हणून प्रत्येक तुकड्यात २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरतात, आणि ती जागा काढतात चुका दुरुस्त करण्याच्या शेवटच्या पदरातून. त्यामुळे एवढासा ओरखडा आला की लगेच चौकोन. नेहमीसारखी फाईल ओढून कॉपी करताना माझ्याकडे सतत चूक येत होती. तुकडे जसेच्या तसे उचलणारी प्रणाली वापरल्यावर १९ पैकी १८ निघाल्या. एकोणिसावीच्या वरच्या बाजूचा रंगच पोपडा होऊन निघाला होता. सीडीचा चंदेरी थर वरच्या शाईच्या लगेच खाली असतो, मध्ये संरक्षणाला फक्त एक पातळसा लेप. लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहितात. सीडीला खरी जखम वरून होते.

बारशाच्या छोट्या डिस्क संगणकाला कोऱ्याच दिसत होत्या. त्या कॅमेऱ्यात फायनलाइझ करायच्या, म्हणजे लिहिणं संपवून बंद करायच्या, राहून गेल्या होत्या. भावाने तो कॅमेरा टाकला नव्हता, त्याच कॅमेऱ्यात घालून ते बटण दाबलं आणि दोन्ही लागल्या. भाचा आता सतरा वर्षांचा आहे.

मग राईट केलेल्या २६. यातल्या १७ निमूट कॉपी झाल्या. सहा अडखळत, पण झाल्या. तीन अडल्या, आणि त्या तिघींत बाबांची २००८ ची.

ती घातली तेव्हा सुरुवात छान झाली. साडेचार, सहा, आठ. पडद्यावर चार जीबीचा आकडा ओलांडला आणि ड्राइव्हचा आवाज बदलला. चढत गेलेला सूर एकदम खाली आला, मग टक, टक, मग पुन्हा वर. वेग आठवरून दोनवर, दोनवरून सेकंदाला तीनशे केबीवर. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते मिक्सरसारखं काय वाजतंय गं?" दहा मिनिटांनी पडद्यावर पाटी आली, सायक्लिक रिडन्डन्सी चेक, म्हणजे वाचलेलं तपासणीत बसत नाही, आणि झालेली कॉपीसुद्धा पुसली गेली.

मला पटेना. कारण पुरानंतर वर्षभराने हीच एक डिस्क डब्यातून काढून आम्ही टीव्हीवर लावली होती. शेवटी शेवटी चौकोन आले होते, चित्र अडकलं म्हणून बाबांनीच उठून बंद केली होती, पण चालली तर होती. चालते ती कॉपी का होत नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण 'आमच्या डिस्क चालतात, काही काळजी नाही' असं अजून किती तरी जण म्हणतात. टीव्हीखालचा प्लेअर डिस्क १ एक्सच्या आसपास वाचतो. व्हिडिओला त्याहून जास्त लागतच नाही. हळू फिरणाऱ्या डिस्कवरचा पुसट डागही लेझरला नीट पाहता येतो. आणि नाहीच दिसला तरी प्लेअर तो क्षण सोडून पुढे जातो. दोन चौकोन, एक हिसका, नाटक सुरू. कॉपी करणारा संगणक डिस्क आठपट वेगाने पळवतो आणि एकही बाइट सोडायला तयार नसतो. डिस्क किती थकली आहे हे प्लेअर झाकून ठेवतो आणि कॉपी ते उघड करते.

चुका दुरुस्त करायची सोय डीव्हीडीत पक्की असते. ३२ केबीचा एकेक चौकोनी गठ्ठा करून त्याला आडवे आणि उभे असे दोन्हीकडून तपासणीचे आकडे जोडलेले असतात, शाळेत ताळा करायचो तसे. थोड्या चुका असतील तर ताळ्यावरून मूळ आकडा सापडतो आणि आपल्याला कळतही नाही. चुका एका हद्दीपलीकडे गेल्या की मात्र अख्खा गठ्ठा जातो. म्हणजे डिस्क हळूहळू बिघडत असते आणि बाहेरून बरीच वर्षं काहीच दिसत नाही. मग एका पावसाळ्यानंतर एकदम दिसतं.

पुण्यात संगणक क्षेत्रात असलेल्या चुलत भावाला फोन केला. त्याने पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "ताई, आधी ती डिस्क बाहेर काढ. पुन्हा पुन्हा घालून बघू नकोस." दुसरं, कॉपी-पेस्ट विसर, जीएनयू डीडीरेस्क्यू वापर. ही प्रणाली फुकट आहे. ती फायली बघतच नाही, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाईलमधली हुबेहूब नक्कल, उचलते. अडलं की तिथे रेंगाळत नाही, उडी मारून पुढचं चांगलं आधी घेते आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवते. मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा येते. मध्येच वीज गेली तरी नकाशा असतो, तिथूनच पुढे. आमच्याकडे वीज दोनदा गेली.

पहिल्या फेरीनंतर ७४ एमबी बाकी राहिले. एकूण साडेचार जीबीच्या वर, त्यात ७४ एमबी ऐकायला किरकोळ. पण नकाशा उघडून पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. सगळ्या रिकाम्या जागा शेवटाला होत्या. डिस्क काठोकाठ भरलेली, आणि आतून बाहेर लिहिली जाते म्हणजे नाटकाचा शेवट नेमका कडेला. मी हिशेब मांडला. शेवटची सहा मिनिटं, म्हणजे बाबांचा एकट्याचा अख्खा प्रवेश, डिस्कवर जेमतेम सव्वा मिलिमीटर रुंदीच्या कड्यात मावला होता. तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा कमी. आणि डिस्कचा हाच भाग सर्वांत आधी खराब होतो. कडेला रंगाचा लेप एकसारखा बसवणं कठीण असतं, दोन पत्र्यांमध्ये ओल शिरते ती कडेने, आपण डिस्क धरतो तीही कडेलाच. आमची तर आठवडाभर गढूळ पाण्यात होती.

दुसऱ्या रात्री भावाने सांगितल्याप्रमाणे ड्राइव्हला वेग बांधून दिला, २ एक्स. प्रत्येक ड्राइव्ह ऐकतोच असं नाही, माझ्याने ऐकलं. चांगल्या डिस्कला या वेगाने अर्धा तास लागतो. इथे उरलेल्या तुकड्यांनाच पहाटेचे चार वाजले. पण आवाज बदलला होता. ते वर-खाली होणं नाही, टकटक नाही, नुसती संथ घरघर, जात्यासारखी. सकाळी बाकी ३१ एमबी. मग उलट दिशेने, शेवटाकडून आत, अशीही एक फेरी झाली. फार फरक पडला नाही.

मग माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवला. त्यातला ड्राइव्ह २००९ चा, जाडजूड, १६ एक्सचा. त्याच्या माहितीपत्रकात वाचायच्या वेगाचा तक्ताच होता: एका थराच्या छापील डिस्कला १६, दोन थरांच्या छापीलला १२, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कला ८. हा तक्ता आधी वाचला असता तर माझा आठवडा वाचला असता. दोन थरांची छापील डिस्क १८ ते ३० टक्केच उजेड परत पाठवते, एका थराची ४५ ते ८५ टक्के. उजेड कमी तितका ड्राइव्ह सावध. कंपन्यांनी हे तक्त्यात सरळ लिहिलेलं असतं, खोक्यावर मात्र सर्वांत मोठा आकडा छापतात.

दुसऱ्या ड्राइव्हचा लेझर वेगळा, भिंग वेगळं, त्याला दिसतं तेही वेगळं. पहिल्याने सोडलेल्या काही जागा त्याने सहज वाचल्या. तोच नकाशा पुढे चालवल्यामुळे भरलेल्या जागांना हात लागला नाही. बाकी साडेअकरा एमबी. पुढे दोन रात्री दोन्ही ड्राइव्ह आलटून पालटून चालवले, आकडा हलला नाही.

साडेअकरा एमबी म्हणजे ३२ केबीचे साडेतीनशे गठ्ठे. या नाटकाचा व्हिडिओ सेकंदाला साधारण ६५० केबी घेतो, म्हणजे सगळं मिळून अठरा सेकंद. सलग अठरा सेकंद गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते सहा मिनिटांवर शिंपडल्यासारखे पसरले होते. या प्रकारच्या व्हिडिओत पूर्ण चित्र सुमारे अर्ध्या सेकंदातून एकदाच येतं, मधली चित्रं त्याच्या आधाराने बनतात. एक गठ्ठा गेला की पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत सगळं विस्कटतं. प्रतिमा लावून पाहिली. बाबांचा चेहरा दोन सेकंद नीट, मग चौकोन, मग हात, मग काही नाही. आवाज तुटतुटून. आईने पाहिलं आणि उठून आत गेली.

तेव्हा आईलाच आठवलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मिरजेच्या काकांनीही घेतली होती की सीडी. तेव्हा सगळ्यांनी पैसे भरून घेतल्या होत्या."

मिरजेचे काका म्हणजे त्या नाटकातले दुसरे मुख्य नट. तेही आता नाहीत. काकूंना फोन केला. "काकू, ती नाटकाची सीडी अजून असेल का हो तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या, "अगं, असायला काय झालं? देवघराच्या कपाटात आहे. आमच्याकडे कुठला प्लेअर, तो बिघडून सात वर्षं झाली. ये की जेवायला, घेऊन जा." मिरजेत त्यांच्याकडे पाणी आलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर बंद कपाटात, उजेड नाही, ओल नाही, आणि प्लेअर बिघडल्यामुळे हातही लागलेला नाही. डिस्क उलटी केली. जांभळी, एकसारखी, कडेपर्यंत.

मनात एकच धाकधूक होती. त्या गृहस्थांनी प्रत्येक डिस्क वेगवेगळी बनवली असेल तर दोन्हींतले तुकडे जुळणार नाहीत. एकाच तयार प्रतिमेवरून सगळ्या राईट केल्या असतील तरच पहिलीतली भोकं दुसरीने बुजवता येतील. रात्री घरी येऊन आधी दोन्हींची एकूण तुकड्यांची संख्या पाहिली. २२,७१,३६०. दोन्हीकडे तीच. मग डिस्क बनवल्याची नोंद, तारीख आणि वेळ, सेकंदापर्यंत तीच. सुरुवातीचे आणि मधले काही तुकडे ताडून पाहिले, अक्षरशः एक.

तसं पाहिलं तर काकूंचीच डिस्क अख्खी कॉपी करून मोकळं होता आलं असतं, आणि तो प्रयत्न आधी केलाच. पण तिचंही वय सोळा वर्षं. ती मध्येच, पहिल्या अंकाच्या शेवटाला, एका ओरखड्यापाशी अडली. ओरखडा गोल, वळशांच्या दिशेने गेलेला, कुणी तरी पदराने गोल गोल पुसल्याचा. असा ओरखडा वाईट, कारण तो एकाच वळशावर लांबवर बसतो आणि गठ्ठेच्या गठ्ठे नेतो. आतून बाहेर सरळ गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच खातो, आणि तेवढं ताळ्याने भरून निघतं. म्हणून डिस्क पुसायची ती भोकापासून कडेकडे, सरळ.

आमची मध्ये शाबूत, काकूंची कडेला शाबूत. आमच्या प्रतिमेचा नकाशा डीडीरेस्क्यूला दिला, ड्राइव्हमध्ये काकूंची डिस्क, वेग ४ एक्स. ती थेट शेवटच्या रिकाम्या जागांवर गेली. आकडा खाली यायला लागला तो मी डोळ्यांनी पाहिला. अकरा, नऊ, सहा, दोन. वीस मिनिटांत बाकी ६४ केबी. दोन गठ्ठे. ते कुठे आहेत पाहिलं, तर पडदा पडल्यानंतरच्या काळोखात.

त्या प्रतिमेच्या लगेच दोन प्रती केल्या, एक पुण्याला भावाकडे गेली. काकूंच्या मुलाला पेन ड्राइव्हवर दिली. उरलेल्या दोन अडलेल्या डिस्कमधली एक मामेबहिणीच्या लग्नाची, तिच्या सासरच्या प्रतीचा शोध चालू आहे. दुसरीची प्रत कुणाकडेच नाही. तिच्यातलं जेवढं निघालं तेवढं ठेवलं आहे. तुमच्याकडे असा डबा असेल तर आधी जांभळ्या काढा. चकाकणाऱ्या थांबतील.

रविवारी दुपारी आईसाठी ते मोठ्या टीव्हीवर लावलं. दोन तास ती काही बोलली नाही. शेवटचा प्रवेश अखंड गेला, एक चौकोन नाही. पडदा पडला, एक क्षण चित्र थरथरलं, तेच ते दोन गठ्ठे, आणि पडदा पुन्हा वर गेला. हे आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. प्लेअर नेहमी त्याच्या आधीच अडायचा. सगळे नट रांगेत उभे, मध्ये काका, त्यांच्या डावीकडे बाबा. बाबा हात जोडतात आणि मान पुढे काढून प्रेक्षकांत कुणाला तरी शोधतात, उजवीकडे, मग डावीकडे, बराच वेळ.

"मी तिसऱ्या रांगेत होते," आई म्हणाली. "चष्मा काढून ठेवलाय बघ. त्यांना कुठली दिसणार मी."